घरखर्चाचे खाते

प्रवरेकाठच्या नेवाशात, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावात, एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी 'बाई' या दोन अक्षरांना मोठे वजन होते. बाई म्हणजे त्या घरच्या सासूबाई. आठवडे बाजारात त्यांची पिशवी दुरून दिसली की भाजीवाले पुढची शिळी गवार हळूच मागे सारीत. बाजार अष्टमीला किंवा चतुर्दशीला आला, तर हिरवी भाजी घेण्याचा प्रश्नच नसे. तरीही बाई जात. कोणी विचारलेच तर म्हणत, "भाव विचारण्याचे पच्चक्खाण मी घेतलेले नाही."

१९५८ पासून दशमान वजने येऊ लागली आणि ८० तोळ्यांच्या शेराची जागा किलोने घेतली. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो त्याहून जेमतेम चौदाव्या हिश्श्याने मोठा. बाईंची शाळा चौथीत सुटली होती. परंतु सात आणे शेराचा गूळ किलोला साडेसात आण्यांच्या वर जाता कामा नये, हा हिशेब त्यांनी भर बाजारात बोटांच्या पेरांवर मांडला. आठ आणे मागणाऱ्याला अर्धा आणा उतरावे लागले.

स्वतःच्या दुकानालाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. दुकानातून घरी आलेला प्रत्येक जिन्नस त्या घरखर्चाच्या वहीत रोख भावाने मांडीत, आणि तुरीची डाळ मनास न आल्यास सरळ परत पाठवीत. "वसुलीला मी भीत नाही, भितो ते या एका गिऱ्हाइकाला," असे शेठजी गादीवर बसून म्हणत. अर्थात आवाज हळू ठेवून.

धाकट्या घरातून आलेली नवी सूनबाई पहिल्याच चातुर्मासात एकटी बाजारास गेली आणि हौसेने पांढराशुभ्र फ्लॉवर घेऊन आली. बाई काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी पांढरे फडके अंथरले आणि गड्डा त्यावर हलकेच आपटला. दोन हिरव्या अळ्या बाहेर आल्या. "यांना परसात झुडपाखाली जपून ठेव," एवढेच त्या म्हणाल्या. रात्री वहीत नोंद झाली : 'सूनबाईचे शिक्षण, ६० पैसे.' ती नोंद वाचून सून दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला दुकानात नेले, धान्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला दाणा वर कसा काढावा, ज्वारी दाताखाली कशी पारखावी, हे दाखविले. लाड करण्याची त्यांची रीत तीच होती.

पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ही गोष्ट त्यांनी कोणासही सांगितली नाही. एके दिवशी दुकानातून आलेले दोन किलो मूग त्यांनी ताटात पसरले, बोटे फिरविली आणि एकही शब्द न बोलता डब्यात भरण्यास सांगितले. इतक्या वर्षांत प्रथमच माल तक्रारीविना मान्य झाला होता! शेठजींना आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली. सुनेने डबा उघडून पाहिला. दाण्यादाण्याला भोक होते. दुपारी बाईंचा डोळा लागल्यावर तिने ते मूग मागच्या दाराने दुकानात नेले. शेठजींनी काही न विचारता नव्या पोत्यातले दोन किलो तोलून दिले.

रात्री सामायिक आटोपल्यावर बाईंनी वही मागितली. अलीकडे नोंदी सूनच लिहीत असे.

"मूग बदलून आणलेस ना?"

सून गप्प राहिली.

"डब्यात हात घालून पाहिला मी. सकाळचे मूग हलके होते, हे वजनदार आहेत. लिही, 'सासूबाईंचे शिक्षण'."

"बाई, असे कसे लिहू?"

"तुझे लिहिले तेव्हा मी विचारले होते का?"

सुनेने अक्षरे काढली आणि रकमेच्या रकान्यापाशी टाक थांबविला. "रक्कम किती मांडू?"

"दुकानाने बदलीचे पैसे घेतले?"

"नाही."

"मग शून्य मांड," बाई म्हणाल्या, "आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांची फी किती, तेवढे विचारून ये. जास्त सांगितली तर मी येते बोलायला."