वेगाचा खेळ आणि विवेकाचा लगाम

सुट्टी लागली आणि पुण्या-मुंबईची नातवंडे ताडकळसला आली, की घरातील संध्याकाळ पालटते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपते आणि ओसरीवर मुलांचा वाद रंगतो. एकाच्या मते ‘ग्रॅन टुरिस्मो’सारखा मोटारशर्यतीचा खेळ जगात दुसरा नाही. दुसरा ‘फोर्झा’ची बाजू घेऊन भांडतो. गावातील चुलतभावाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्या हाती आईचा मोबाइल असतो आणि त्यावर ‘हिल क्लाइंब रेसिंग’ची छोटी जीप टेकड्या चढत असते. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र हा सारा वाद व्यर्थ वाटतो. गाडीचा गेम तो गाडीचा गेम, त्यात डावे-उजवे काय, असे त्यांचे म्हणणे.

डावे-उजवे आहे, आणि ते पालकांनी समजून घेण्याजोगे आहे. अशा खेळांची पारख करताना साधारणपणे तीन कसोट्या लावल्या जातात : खेळ किती खरा वाटतो, त्यातील दृश्ये किती सुंदर आहेत आणि खेळताना मजा किती येते. या तिन्ही कसोट्यांचा विचार केला, की चौथी आपोआप पुढे येते. खेळ गुण कशाला देतो, ही ती चौथी कसोटी. मुलांच्या दृष्टीने ती दुय्यम असली, तरी घराच्या दृष्टीने तीच मुख्य आहे.

या खेळांचा इतिहास चाळीस वर्षांहून जुना आहे. जपानच्या नामको कंपनीने १९८२ साली ‘पोल पोझिशन’ हा खेळ आणला. फुजी पर्वताच्या परिसरातील खऱ्या शर्यतमार्गावर त्यातील मार्ग बेतलेला होता. आज चाळिशीत असलेल्या अनेक पालकांना मात्र आठवतो तो सायबर कॅफेतील ‘रोड रॅश’. हा खेळ १९९१ साली प्रथम निघाला. त्यात मोटारसायकल पळवता पळवता शेजारच्या स्पर्धकाला लाथ मारायची, दांडक्याने फटकावायचे आणि पोलिसांना चुकवायचे. मजा पुष्कळ होती, पण ती मुख्यतः दुसऱ्याला पाडण्याची होती.

१९९७ च्या डिसेंबरात ‘ग्रॅन टुरिस्मो’ आला आणि या खेळांना निराळी दिशा मिळाली. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी त्यासाठी सुमारे पाच वर्षे खपले होते. हा खेळ हाती घेताच मोठी शर्यत जिंकता येत नाही. आधी परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. ठरलेल्या अंतरात गाडी थांबवणे, वळणापूर्वी वेग उतरवणे, वळणातून नेमक्या रेषेने बाहेर पडणे असे धडे एकामागून एक गिरवावे लागतात. आधी शिस्त आणि मग वेग, असा हा क्रम आहे.

वास्तवतेच्या कसोटीवर २०२२ च्या मार्च महिन्यात आलेला ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ म्हणूनच वरचढ ठरतो. एसटीने अचानक ब्रेक लावला, की उभे प्रवासी पुढे झुकतात. त्याच वेळी गाडीचा भारही पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. शिवाय टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. ती सगळी ब्रेक लावण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी काही उरत नाही आणि गाडी सरळ घसरत जाते. ओल्या रस्त्यावर ही पकड आणखी कमी होते. हे गणित या खेळात बरेच काटेकोर पाळले आहे. वळणावर उशिरा ब्रेक लावणारा खेळाडू मार्गाबाहेर जातो आणि दोन-चार वेळा असे झाले, की स्वतःच सावध होतो.

नोव्हेंबर २०२१ मधील ‘फोर्झा होरायझन ५’ याहून मोकळा आहे. मेक्सिकोवर बेतलेल्या विस्तीर्ण प्रदेशात खेळाडू हवा तिकडे भटकतो. रस्ता सोडून शेतातून, वाळवंटातून, जंगलातून गाडी नेता येते. चूक झाली, तर एक कळ दाबून काळ काही क्षण मागे नेता येतो आणि तेच वळण पुन्हा घेता येते. नवशिक्यासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र केलेली कृती पुसून टाकता येते, असा अनुभव खऱ्या रस्त्यावर कधीच येत नाही.

दृश्यांच्या बाबतीत निवाडा सोपा नाही, कारण दोघांची नजर निरनिराळ्या गोष्टींवर आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ची भक्ती मोटारींवर आहे. त्यातील चारशेहून अधिक गाड्यांचे आतले शिवणकाम, दिव्यांच्या काचा आणि रंगावरील प्रकाशाची झाक न्याहाळत बसावी अशी आहे. ‘फोर्झा’चे प्रेम भूमीवर आहे. ज्वालामुखीचा उतार, जुन्या शहरातील रंगीत घरे, दुरून चालून येणारे धुळीचे वादळ यांनी डोळे दिपतात. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकली, की हालचाल पाण्यासारखी वाहती भासते आणि या दोन्ही खेळांत योग्य यंत्रावर ते साधते. गाड्या पाहण्यासाठी पहिला आणि प्रदेश पाहण्यासाठी दुसरा, असेच म्हणावे लागेल.

या सौंदर्यात भारतीय हातांचाही वाटा आहे. १९९७ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेतील कलाकारांनी ‘फोर्झा’ मालिकेतील मोटारी घडवण्याच्या कामात भाग घेतला होता. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर ऑक्टोबर २०११ मध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तो मार्ग त्याआधीच, सप्टेंबरात, ‘एफ वन २०११’ या खेळात अवतरला होता. गणित, भौतिकशास्त्र आणि चित्रकला या तिन्हींत गती असलेल्या मुलामुलींसाठी हे कामाचे क्षेत्र आहे. तेव्हा खेळणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी, हा खेळ बनवतात कसा, एवढे एकदा त्याला विचारून पाहावे.

मजेच्या कसोटीवर ‘फोर्झा’चे पारडे जड आहे. कुटुंबातील कोणीही तो हाती घेऊन पाच मिनिटांत हसू लागतो. ज्यांची हालचाल मंद आहे, त्यांच्यासाठी एकट्याने खेळताना खेळाचा वेगच कमी करण्याची सोय त्यात आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ची मजा उशिरा येते. ती सरावाची आणि स्वतःच्याच कालच्या वेळेला मागे टाकण्याची मजा आहे. शिवाय त्याचा बराचसा भाग इंटरनेट असेल तरच चालतो. मार्च २०२२ मध्ये दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद ठेवावे लागले, तेव्हा विकत घेतलेला खेळ जगभरच्या खेळाडूंना तीस तासांहून अधिक काळ जवळजवळ बंदच होता. जेथे वीज आणि नेट दोन्ही रुसतात, तेथे हा मुद्दा लहान नाही.

गावातील बहुसंख्य मुलांचा संबंध मात्र या महागड्या यंत्रांशी येत नाही. त्यांचे मैदान मोबाइल आहे आणि तेथील स्पर्धक निराळे आहेत. ‘अॅस्फाल्ट’ ही मालिका २००४ पासून चालू आहे. तिच्यातील दृश्ये झगझगीत असतात, गाड्या हवेत गिरक्या घेतात आणि प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन बाद केले, की बक्षीस मिळते. ‘रिअल रेसिंग ३’ हा खेळ २०१३ साली आला. त्यातील मार्ग आणि गाड्या खऱ्याखुऱ्या होत्या. परंतु गाडीच्या दुरुस्तीसाठी ताटकळत बसावे लागे आणि थांबायचे नसेल, तर खेळातील सोने खर्चावे लागे. ते सोने खऱ्या पैशांनी विकत मिळत असे. त्यामुळे हा खेळ फुकट असूनही पुष्कळ टीकेचा धनी झाला. मुलाच्या अधीरतेला किंमत लावणारी ही युक्ती पालकांनी ओळखून असावी.

या सर्वांपुढे ‘हिल क्लाइंब रेसिंग’ दिसायला अगदीच साधा आहे. फिनलंडमधील टोनी फिंगररूस या तरुणाने तो घडवला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. यात दोनच पेडल आहेत, वेगाचे आणि ब्रेकचे. चित्रे व्यंगचित्रासारखी आहेत. पण चालकाचे नाव ‘न्यूटन बिल’ ठेवले आहे, ते उगाच नव्हे. चढावर जास्त जोर दिला, तर जीप मागे कलंडते. उतारावर बेसावध राहिले, तर तोंडावर आपटते. इंधन संपले, की खेळ संपतो. येथे जिंकण्यासाठी कोणालाही पाडावे लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. तोल सांभाळणे आणि इंधन जपणे, एवढेच त्याचे शिक्षण आहे. दृश्यांच्या कसोटीवर हा खेळ शेवटी येईल, परंतु कृतीचा परिणाम दाखवण्यात तो भल्याभल्यांच्या पुढे आहे.

आता त्या चौथ्या कसोटीकडे वळावयाचे. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ पेटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शर्यतीचे खेळ आणि रस्त्यावर धोका पत्करण्याची वृत्ती यांचा संबंध तपासला आणि तो त्यांना आढळला. २००९ च्या पुढील संशोधनाने त्यात महत्त्वाचा भेद दाखवला. वाहतुकीचे नियम मोडण्याला बक्षीस देणाऱ्या खेळांनंतरच ही वृत्ती वाढलेली दिसली, तसे बक्षीस न देणाऱ्या खेळांनंतर नाही. याचे एक कारण असे आढळले, की अशा खेळानंतर खेळणारा स्वतःलाच बेफाम चालक समजू लागतो. म्हणजे प्रश्न केवळ वेगाचा नाही, खेळ कोणत्या वागणुकीची पाठ थोपटतो याचा आहे.

जैन वाचकांना हा विचार नवा वाटू नये. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये रचलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात यशोधर राजाची कथा आहे. या सोमदेवसूरींना दिलेल्या दानाची नोंद असलेला इ. स. ९६६ चा ताम्रपट खुद्द परभणीत सापडला आहे, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. माता चंद्रमतीने बळीचा आग्रह धरला. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला, पण अखेर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यास तो कबूल झाला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही मारण्याचा संकल्प झाला होता, म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही अनेक जन्म त्याचे फळ भोगावे लागले. पडद्यावरील मोटार ही पिठाच्या कोंबड्याइतकीच खोटी आहे. तिला मार्गावर सांभाळून चालवणाऱ्याच्या मनात काय रुजते आणि समोरच्याला चिरडण्यात आनंद मानणाऱ्याच्या मनात काय रुजते, हा प्रश्न मात्र खोटा नाही.

या कसोटीवरही कोणता खेळ सर्वस्वी चांगला वा वाईट ठरत नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ च्या इंटरनेटवरील शर्यतींत कौशल्याचे आणि खिलाडूवृत्तीचे गुण वेगवेगळे मोजले जातात. दुसऱ्याला धडक देणाऱ्याचे वर्तनगुण घसरतात, प्रसंगी वेळेचा दंडही होतो. मात्र याच खेळात भिंतीवर आदळलेल्या गाडीला फारसे काही होत नाही, ही त्याच्या वास्तवतेतील मोठीच उणीव. ‘फोर्झा होरायझन ५’ मध्ये कुंपणे मोडण्याला आणि दुसऱ्या गाडीला निसटते चुकवून जाण्यालाही गुण मिळतात. पण धडकेने गाडीचे खरे नुकसान व्हावे, असा पर्यायही त्याच खेळात निवडता येतो. घरच्यांनी तो पर्याय चालू करून द्यावा आणि काळ मागे नेण्याची सोय बंद ठेवावी. खेळ तोच राहील, मुलाचा हात मात्र आपोआप जपून चालेल.

खेळ आणि रस्ता यांतील अंतर यान मार्डनबरो या ब्रिटिश चालकाच्या आयुष्यात ठळकपणे दिसते. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या स्पर्धेतून २०११ साली निवडला गेलेला हा तरुण खऱ्या शर्यतीत उतरला आणि २०१३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरे स्थान मिळवले. पडद्यावरचा सराव खरा ठरला. परंतु २०१५ साली जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे त्याची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. तेथे काळ मागे नेणारी कळ नव्हती.

ताडकळसहून परभणीकडे वा पूर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर शर्यतमार्गासारखे कठडेही नसतात. तेथे बैलगाडी असते, उसाची ट्रॉली असते, शाळेतून परतणाऱ्या मुली असतात. दहावीतील मुलाने मोटारसायकलची किल्ली मागितली, की त्याच्या हौसेपुढे पुष्कळ घरे नमतात. गियरच्या मोटारसायकलच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. शिक्षेचे भय हे दुय्यम कारण झाले. पहिले कारण त्या रस्त्यावरून चालणारा जीव हे आहे.

म्हणून सुट्टीतील तो वाद मुलांना मोकळेपणाने घालू द्यावा. शिस्त आवडणाऱ्याने ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळावा, भटकंती आवडणाऱ्याने ‘फोर्झा’, आणि ज्याच्या हाती साधा मोबाइल आहे त्याने ‘हिल क्लाइंब’ खेळताना स्वतःला कमी लेखू नये. वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र पाहाव्यात : खेळण्याची वेळ ठरलेली असावी आणि मोबाइलला जोडलेल्या पैशांच्या व्यवहाराला कुलूप असावे. याशिवाय आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाशेजारी बसून, या खेळात गुण कशाचे मिळतात, एवढे त्याच्याकडून समजून घ्यावे. तो उत्साहाने सांगेल. त्याच्या उत्तरातूनच कोणता खेळ घरात ठेवावा आणि मोटारसायकलची किल्ली अजून किती वर्षे कपाटात ठेवावी, हे दोन्ही कळेल.