दातखीळ आणि संमती

मथुरा खटल्याच्या निकालपत्रांकडे कायद्याचे अभ्यासक वारंवार वळले. भाषेच्या अभ्यासकांनी मात्र ती पुरेशी वाचलेली नाहीत. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या प्रसंगावरून हा खटला उभा राहिला. मजुरी करणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी फिर्यादी आणि दोन पोलीस आरोपी. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. भयापोटी शरीर स्वाधीन होणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केल्याचे पटत नव्हते, म्हणून संमती!

आश्चर्य असे की, भयाने माणसाचे काय होते हे मराठी बोलीला कधीच ठाऊक होते. वाचा बसते, हातपाय गळतात, दातखीळ बसते. हे वाक्प्रचार घरोघरी बोलले जातात. त्यांना न्यायालयात कोणी साक्षीला बोलावले नाही. अमेरिकेत बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ मध्ये अत्याचारानंतरच्या मनोवस्थेचे वर्णन केले, त्यात झोपेतून दचकून उठणे आणि सतत वाटणारी भीती तर होतीच, शिवाय पुष्कळ स्त्रियांचे बाहेरून शांत दिसणेही होते. आपल्याकडे याच शांतपणाचा संशय घेतला जातो. आठवण तुटक असली की उलटतपासणीत ती खोटी ठरते.

उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पण केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानू नये, हे स्पष्टीकरण कायद्यात येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

साहित्याची गती याहून मंद आहे. ‘अब्रू लुटली’ या प्रयोगात जखम बाईची राहतच नाही, ती कुळाची होते. ‘अतिप्रसंग’ हा शब्द तर गुन्ह्याला अवचित ओढवलेल्या प्रसंगाचे रूप देतो. आपल्या लोकप्रिय कथांतून आणि चित्रपटांतून अशी स्त्री अखेरीस बहुधा विहीर जवळ करते, नाहीतर कोणा उदार पुरुषाच्या पदरी पडते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी, पगाराच्या रांगेत उभी राहणारी आणि पाठीमागे पाऊल वाजले की थिजणारी स्त्री त्यांत क्वचितच भेटते.