चट्टा ओळखणार कोण?

कुष्ठरोगाचे निदान झाले की दोन आठवड्यांच्या आत सरकारला कळवा, असा आदेश राज्याच्या आरोग्य विभागाने काढला आहे. कुष्ठरोग आता महाराष्ट्रात अधिसूचित आजार झाला. दवाखाना सरकारी असो की खासगी, नोंदीचे बंधन प्रत्येक डॉक्टरवर आले. २०२७ पर्यंत कुष्ठरोगमुक्तीची घोषणा करून ठेवली आहे, तिची मुदत जवळ येते आहे, म्हणून ही घाई. आदेशाला आमचा विरोध नाही. तो फार उशिरा आला, हीच आमची तक्रार आहे. पण ‘निदान झाले की’ या तीन शब्दांपाशी आम्ही अडतो. निदान करणार कोण? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावरून आलेल्या माणसाच्या पाठीवरचा फिकट चट्टा ज्या डॉक्टरसमोर पहिल्यांदा येतो, त्याला तो ओळखता येत नसेल, किंवा त्याने सदरा वर करून पाठच पाहिली नसेल, तर कळवायचे काय? न ओळखलेल्या आजाराची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. रुग्ण त्याची तक्रार घेऊन येतच नाही. तो येतो तापासाठी, खोकल्यासाठी. चट्टा कपड्याखाली झाकलेला राहतो. दाखवलाच, तर ‘शिबं असतील’ म्हणून बोळवण होते, नाहीतर नायट्याची ट्यूब हातावर टेकवली जाते. वास्तविक तो ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाला दिवसाच्या उजेडात बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे, कापसाची बारीक वात आधी निरोगी कातडीला आणि मग चट्ट्याला हलकेच टेकवायची आणि म्हणायचे, ‘लागलं तिथं बोट ठेव.’ निरोगी जागी बोट बरोबर पडते. चट्ट्याला वात टेकते, तेव्हा हात मांडीवरच राहतो. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची, जाड लागते का ते पाहायचे. दोन-तीन मिनिटांचे काम. ती मिनिटे दिली नाहीत, तर काही वर्षांनी बोटे वाकडी होतात, तळपायाला न कळणारी जखम होते, डोळ्याची पापणी मिटत नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो. वाकडे झालेले बोट मात्र गोळ्यांनी सरळ होत नाही. उशिरा झालेल्या निदानाची किंमत रुग्ण जन्मभर फेडतो.

मनोहर दिवाणांचे दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि बाबा आमट्यांचे आनंदवन ज्या राज्यात उभे राहिले, त्या राज्याला हे सांगावे लागते, याचा संताप येतो. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या आगेमागे कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून टाकण्यात आली. आजार काही गेला नाही. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. गेला तो गावोगाव हिंडून चट्टा ओळखणारा माणूस. आज शोधमोहिमेत आशाताई घरोघर जातात, संशयित रुग्ण चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. त्यांचे काम तिथे संपते. पुढे चट्टा तपासणारा तयार नसेल, तर आशाताईंची सारी पायपीट वाया जाते.

गोष्ट एकट्या कुष्ठरोगाची नाही. कातडीचे दुखणे म्हणजे किरकोळ दुखणे, ही समजूत आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या हाडीमांसी खिळली आहे. खरूज घ्या. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती उठलेल्या पुटकुळ्या, घरात आणखी कोणीतरी खाजवणारे; एवढे पाहिले-विचारले तरी निदान होते. उपचारही ठाऊक आहे. पर्मेथ्रीनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचे, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, आठवड्याने पुन्हा. पण ट्यूब मिळते ती एकट्यालाच. आश्रमशाळेत शेजारी शेजारी झोपणाऱ्या मुलांपैकी एकालाच मलम लावले, तर महिन्याभरात खरूज त्याच्याकडे परत येते. खाजवून झालेल्या जखमा पिकतात आणि त्या संसर्गातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. अख्ख्या वसतिगृहावर एकाच रात्री उपचार करण्याचा आदेश काढायला त्यांना मुंबईची वाट पाहावी लागू नये.

आणि त्या नायट्याच्या ट्यूबचे काय? नायटा झाला की लोक दवाखान्याच्या आधी मेडिकल गाठतात. तिथे मिळते क्लोबेटासोलसारखे जबर स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक यांचे एकत्र कालवलेले मलम. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात नायटा दुप्पट पसरतो. त्याचे रूपही असे बदलते की पुढे जाणत्या डॉक्टरचीही फसगत व्हावी. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वण उठतात. गोरे होण्यासाठी तेच मलम तोंडाला चोपडणाऱ्या मुलींचे चेहरे लालबुंद होतात, मलम सोडले की आग होते. मार्च २०१८ मध्ये केंद्राने कातडीवर लावायची चौदा स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. नियम कागदावर आहे, मलम काउंटरवर आहे. भारतीय उपखंडातून पसरलेल्या आणि टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या नायट्याच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे भारताच्या नावावरूनच नाव पडले. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्ये सापडले. तरी आपल्याकडे कोणाला लाज वाटली नाही. अन्न व औषध प्रशासनाचे मंत्रिपद डिसेंबर २०२४ मध्ये दिंडोरीच्या नरहरी झिरवाळांकडे आले. त्यांनी आपल्याच तालुक्यातील मेडिकलच्या काउंटरपासून तपासणी सुरू करावी.

कातडीचे दुखणे कामातूनही येते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे काम बहुतेक पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर करतात. हातमोजा फाटका असेल किंवा नसेलच, तर कातडी भाजते, सोलवटते. असा हात घेऊन बाई दवाखान्यात आली, तर पहिला प्रश्न ‘काम काय करता?’ हा हवा. तो विचारलाच जात नाही. इथेही तीच ट्यूब, तोच केसपेपर, पुढचा रुग्ण.

आरोग्य केंद्रांत गर्दी असते, डॉक्टर कमी आहेत, हे आम्ही जाणतो. पण न पाहता दिलेल्या ट्यूबमुळे तोच रुग्ण चार वेळा येतो आणि गर्दी वाढतेच. डॉक्टरांना दोष देण्याआधी त्यांना काय शिकवले ते पाहावे. एमबीबीएसला त्वचारोग हा स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याचा विषय नाही; मेडिसिनच्या परीक्षेतला तो एक तुकडा आहे. पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती काळपट, जांभळट दिसते. डॉक्टर, आयुर्वेदाचे पदवीधर, परिचारिका या साऱ्यांना पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. आपल्या कातडीची चित्रे असलेली मराठी पुस्तिका काढून ती प्रत्येक उपकेंद्रात पोहोचवणे या विद्यापीठाला अवघड नाही. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना प्राधान्य देण्याचा ठराव केला. जिनिव्हाला जे कळले ते म्हसरूळच्या या विद्यापीठाला कळायला हवे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि परिचारिका यांना प्रत्यक्ष रुग्ण समोर बसवून चट्टा तपासायला शिकवा, व्हिडिओ दाखवून हजेरी भरू नका. स्त्रियांना अंग दाखवता यावे म्हणून आडोसा आणि सोबत बाई द्या. आठवड्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयातील त्वचातज्ज्ञ तालुक्याला पाठवा. सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट बांधता येतात, तर दवाखान्यात एक पडदाही लावता येतो.

आणखी एक इशारा. मुदत जवळ आली की आकडे खाली आणण्याचा मोह यंत्रणेला होतो. प्रामाणिकपणे शोध घेतला, तर सुरुवातीला रुग्ण वाढलेलेच दिसणार. येत्या वर्षी नाशिक जिल्ह्यात कुष्ठरोगाचे जास्त रुग्ण नोंदले गेले, तर आम्ही आरोग्य विभागाचे जाहीर अभिनंदन करू. चौकशी करायचीच असेल, तर ती वर्षभर शून्य रुग्ण दाखवणाऱ्या केंद्राची करा. तिथे किती जणांचे सदरे वर करून पाठी पाहिल्या गेल्या, एवढेच विचारा.