‘सोडून देतात ना!’



मागच्या आठवड्यात महिला मंडळात एकीनं मोबाइल फिरवला. तिचा अमेरिकेतला मुलगा, हातात भला थोरला मासा, तोंडभर हसू. दोघी-तिघी दचकल्या. लगेच ती म्हणाली, "अहो, खात नाहीत हं! फोटो काढून परत पाण्यात सोडून देतात." सगळ्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "सोडून देतात ना, मग काय!" विषय संपला, चहा आला.

मी गप्प बसले. खरं तर बोलायला हवं होतं, पण तेच वाक्य मी स्वतः माझ्या नातवासाठी वापरलेलं होतं. म्हणून आज लिहिते.

गेल्या वर्षी वसंतात मी तीन महिने लेकीकडे टेक्सासला होते. जावईबापूंना शेजाऱ्यानं बास माशाचा नाद लावला आणि बापाचं बघून अकरा वर्षांचा नातूही लागला. घरात कांदा-लसूण नाही, चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, आणि गॅरेजमध्ये गळांची पेटी! मी लेकीला विचारलं, तर तिचंही तेच उत्तर. मीही ते गिळलं. नातू आनंदात होता, आणि आजीला आणखी काय हवं असतं?

त्याच्याबरोबर बसून मी सगळं शिकले. बेटकास्टर नावाचं रीळ असतं. त्यात दोरी गुंडाळलेली फिरकीच गरगर फिरते, म्हणून फेकताना तिच्यावर अंगठा हलका टेकवून ठेवायचा. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा दाबायचा. चुकलात तर फिरकी पुढे धावते, दोरी मागे राहते आणि असा गुंता होतो की आपल्या लोकरीचा गुंता परवडला! म्हणून आधी बाजूची कळ आवळून घ्यायची: बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरलं पाहिजे, आणि ते जमिनीला टेकताच फिरकी थांबली पाहिजे. अंगठा लवकर सोडला तर आमिष आभाळात जातं, उशिरा सोडला तर पायापुढे आपटतं. जोर खांद्यानं लावायचा नाही, मनगटानं लावायचा आणि उरलेलं काम काठीच्या लवचिकपणावर सोडायचं. नातवाला हे पंधरा दिवसांत जमलं. पाणवेलींमधल्या ताटाएवढ्या मोकळ्या जागेत तो नेमकं टाकू लागला. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं. हे कौशल्य खरं आहे. त्याला नावं ठेवायला मी आलेली नाही.

पण त्या दोरीच्या टोकाला काय आहे ते बघा. रबरी गांडूळ असतं आणि गळाचं टोक त्याच्याच अंगात लपवलेलं असतं, म्हणजे ते वेलीत अडकत नाही आणि माशालाही दिसत नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकची खोटी मासोळी असते, तिच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ, म्हणजे सहा टोकं. प्रत्येक टोकाला उलटा काटा, रुतलेलं सुटू नये म्हणून. आणि शिकवण काय? जखमी मासोळीसारखं हलव, थांब, पुन्हा हलव. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव धर्माची पूजा करतो. मन, वाणी, कृती सरळ ठेवायचा पाठ मुलांना देतो. इथे मात्र कपट जितकं सफाईदार, तितकी शाबासकी जास्त.

तरी मी गप्प होते. मला बोलतं केलं ते एका माशानं.

मार्च महिना. काठालगतच्या उथळ पाण्यात वाळूचा एक स्वच्छ गोल दिसत होता आणि त्यावर एक मासा जागचा हलत नव्हता. शेजाऱ्यानं समजावलं, ते घरटं आहे. बासची मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो. अंड्यांवर डोळा ठेवून बसलेले छोटे मासे हाकलतो, शेपटीनं पाणी खेळतं ठेवतो. घरट्यात आमिष टाकलं की तो ते तोंडात धरतोच. भूक नसली तरी धरतो, कारण अंड्यांजवळ कोणीतरी आलंय! नातवानं नेमकं टाकलं. मासा लागला. त्याचा खालचा जबडा अंगठ्यानं धरून उचलला, फोटो झाला, चिमट्यानं गळ काढला, मासा सोडला. तीन-चार मिनिटं. तेवढ्यात छोट्या माशांची झुंड त्या वाळूवर तुटून पडली होती.

"सोडून दिला ना, आजी," नातू म्हणाला. मैत्रिणींनो, त्याला कोणी सोडलं नव्हतं हो. बाप होता तो, आणि आपलं घर राखताना फसवला गेला होता.

आता आपल्या युक्तिवादाकडे येते. ‘खात नाही, म्हणून पाप नाही’ हे आपण कुठून शिकलो? सप्तव्यसनं आठवा. त्यांत मांस वेगळं मोजलंय आणि शिकार वेगळी मोजलीय. मांस खाणं एवढंच पाप असतं, तर शिकारीचं वेगळं नाव घ्यायची गरज काय होती? आचार्यांना ठाऊक होतं की मारण्या-पकडण्याची मजा ही पोटाच्या भुकेपेक्षा वेगळी भूक आहे. अहिंसाणुव्रताचे अतिचारही बघा: बांधणं, मारणं, छेद करणं, जास्त भार लादणं, अन्नपाणी तोडणं. यांत जीव घेणं कुठे आहे? जीव न घेताही व्रताला डाग लागतो, हेच तर ते सांगतात. ओठातून आरपार गेलेला गळ छेद नाही, तर काय आहे?

आणि माशाला दुखत नाही म्हणणाऱ्यांसाठी. 2003 मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. माशांनी खाणं सोडलं. आम्ल टोचलेले मासे ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले. पंचेंद्रिय जीवाला वेदना होते हे आपल्याला प्रयोगाआधीच माहीत होतं, आणि तो प्रयोगही एक हिंसाच होती. पण झाला आहे, तर निदान कोणी अज्ञानाचं कारण देऊ नये. स्वित्झर्लंडच्या नियमांत तर परत सोडण्याच्याच हेतूनं गळ टाकायला मनाई आहे. जैनांचा देश नाही तो. त्यांना जे कळलं ते आपल्याला कळू नये?

कोणी म्हणेल, "आपण सांगली-कोल्हापूरची शेतकरी माणसं. नांगराखाली किती जीव जातात!" जातात. म्हणूनच आपल्याकडे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असा हिंसेचा भेद सांगितलाय. नांगर धरणारा गांडूळ मारायला शेतात जात नाही. गळ टाकणारा मात्र गळ रुतवायलाच जातो. गळ रुतलाच नाही तर त्याचा दिवस फुकट गेला म्हणतात.

एकीनं मृगसेन धीवराची कथा पुढे केली. "त्यानंही मासा सोडलाच ना?" सोडला. पण तो पोटासाठी जाळं टाकणारा कोळी. मुनींकडून त्यानं जाळ्यात आलेला पहिला मासा सोडायचा नियम घेतला, आणि तोच मासा पुन्हा पुन्हा आला तरी पाळला. त्याच्या नियमानं हिंसा कमी झाली. इथे सोडतात ते पुन्हा पकडायला मिळावा म्हणून. 1972 पासून रे स्कॉट यांनी बासच्या स्पर्धांत मासे जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. दोरीत ओवलेल्या मेलेल्या माशांपेक्षा ते बरंच, मी नाही म्हणत नाही. ज्यांना सगळं सोडवत नाही त्यांनी निदान उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकावा, तीन टोकी गळ वापरू नयेत, घरट्यावरच्या माशाला हात लावू नये. पण कमी केलेलं पाप म्हणजे पुण्य नव्हे.

नातवानं वाढदिवसाला माझ्याकडे नवी काठी आणि गळांचा डबा मागितला होता. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हा अनर्थदंड आहे. मी नाही म्हणाले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. लेकही म्हणाली, "आई, एवढं ताणू नकोस." त्या दोन रात्री मला झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी त्याला बिनगळाची वजनं आणून दिली. नुसत्या फेकण्याचाही खेळ असतो, त्याच्या स्पर्धा होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये त्यासाठीच हौद बांधलेत, मासे नसलेले. आम्ही अंगणात तीन पराती मांडल्या: वीस पावलांवर, तीसवर, चाळीसवर. परातीत पडलं की ठण्ण आवाज. पहिल्या संध्याकाळी त्यानं मला हरवलं, आणि मग स्वतःहून म्हणाला, "उद्या परात लहान घेऊ."

जावईबापू अजून तळ्यावर जातात. नातू कधी जातो, कधी जात नाही. मी जिंकले असं म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कोणी तसा फोटो दाखवला, तर ‘सोडून देतात ना’ हे वाक्य मी चहाबरोबर गिळणार नाही. तुम्हीही गिळू नका. त्या लेकराला विचारा, कुणी सोडला? आणि मुळात धरला कशाला होता?