दीड टनाचा हिशेब

मे महिना आला की घोडबंदर रोडला घरोघरी एकच तक्रार: एसी १८ वर ठेवला तरी खोली गार होत नाही! मग मोठ्या टनाचा एसी घ्यायची घाई. मी कॉमर्सची, आधी हिशेब मांडते.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, तेही बाहेर ३५ अंश धरून. आपल्याकडे खाडीची दमट हवा. एसीची बरीच ताकद त्यातलं पाणी काढण्यातच जाते. १८ चा आकडा ही ताकद वाढवत नाही, बिल वाढवतो. टॉवरच्या डक्टमध्ये बाहेरची युनिटं एकावर एक; खालच्याची गरम हवा वरच्याला. मग ३५ अंशांचा हिशेब कुठला टिकणार?

गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून मंदावतो, चिकचिक तशीच राहते. त्यापेक्षा फिल्टर धुवा, पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली करा, २४-२६ वर ठेवून पंखा लावा. डक्ट मात्र एकटीच्या हातात नाही. तो विषय सोसायटीच्या सभेत मांडायलाच हवा. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचा विचार आपण नाही तर कोण करणार?