घास अडतो कुठे?

‘घास अडतो’ ही तक्रार एकच, पण तिच्या मुळाशी अगदी उलटसुलट बिघाड असू शकतात. अन्ननलिका असते जेमतेम 25 सेंटिमीटरची. अकॅलेशिया या आजारात तिच्या तळाची झडप गिळताना सैलच होत नाही. स्क्लेरोडर्मा या दुसऱ्या आजारात तीच झडप ढिली पडते आणि खालच्या भागातले स्नायू दुबळे होतात. पक्षाघातात घोटाळा बहुधा वर, घशातच. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने 1674 मध्ये अकॅलेशियासारख्या त्रासावर नोंदवलेला उपाय अचाट होता: देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून घास खाली ढकलायचा! रुग्ण जगला, हे विशेष. आज स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आहे, तरी अनेकांची वर्षे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत जातात. पाणीसुद्धा अडत असेल तर आधी दुर्बिणीने तपासून घ्या. त्यात काही सापडले नाही, तर मॅनोमेट्रीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.