बरणीतला साप आणि घरातली मोरी

पावसाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये साप निघतात. नाल्याकाठची घरे, भिंतीलगत रचलेली लाकडे, उकिरडा, उंदीर. साप येणारच. अशा वेळी वस्तीतल्याच एखाद्या पोराला हाक जाते. तो काठी आणि बरणी घेऊन धावत येतो, साप धरतो आणि घेऊन जातो. कोणी चहा पाजतो, कोणी तोही पाजत नाही. ही आपलीच पोरे आहेत. त्यांनी माणसेही वाचवली आहेत आणि सापही. म्हणूनच त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी एका विषयावर स्पष्ट बोलण्याची गरज आम्हाला वाटते.

गेल्या पावसाळ्यात वस्तीत घरोघरी फिरत असताना आम्ही अशाच एका सर्पमित्राच्या घरी गेलो. त्याच्या बहिणीचे दीड वर्षाचे मूल तीन दिवसांपासून जुलाबाने बेजार होते. शौचात रक्त होते, अंगात ताप होता. मुलाला आधी दवाखान्यात पाठवले, मग घर पाहिले. खाटेखाली पाच बरण्या होत्या, दोन बरण्यांत दोन-दोन साप. ‘रविवारी जंगलात सोडायचे आहेत,’ तो म्हणाला. बरण्या कुठे धुतोस, असे विचारले तर त्याने मोरीकडे बोट दाखवले. त्याच मोरीत पाण्याचा हंडा घासला जात होता आणि मुलाची दुधाची बाटलीही. आम्ही काळजी बोलून दाखवली तेव्हा तो हसला, ‘ताई, सापले कसाना रोग?’

मूल बरे झाले. त्याला सापामुळेच जुलाब लागले, असे आम्ही म्हणत नाही. वस्तीतल्या पाण्याला दुसरी कारणे कमी नाहीत. पण त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर देणे आमचे काम आहे.

सापाला रोग होतो. त्याच्या तोंडात पू होतो, फुफ्फुसाला सूज येते, कातडीवर बुरशी चढते, खवल्यांखाली बारीक काळे-लाल किडे होतात. अजगराच्या जातीत असा एक विषाणू आहे की ज्याला तो लागला तो साप महिनोन्‌महिने धडधाकट दिसतो आणि शेजारच्याला रोग देत राहतो. एका पिशवीत दोन साप ठेवले, एकाच काठीने दहा साप धरले, न धुतलेल्या बरणीत दुसरा साप घातला, की एकाचा रोग दुसऱ्याला गेलाच म्हणून समजा. मग तो साप आपण रानात सोडतो. आपल्याला वाटते जीव वाचवला. प्रत्यक्षात कधी कधी आपण रानातल्या सगळ्या सापांकडे आजार धाडलेला असतो.

दुसरा धोका माणसाला. साप, कासव, पाल यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू बऱ्याचदा असतात. सापाला त्याचा त्रास होत नाही, तो निरोगीच दिसतो. जंतू विष्ठेतून बरणीला, कातीला, पाण्याला आणि धरणाऱ्याच्या हाताला लागतात आणि हातावरून तोंडात जातात. टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण तो माणसाकडून माणसाला लागतो. सापाकडून येणारे जंतू मुख्यतः जुलाब, ताप आणि पोटात कळा आणतात. धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत बरा होतो. पण पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, मधुमेह किंवा एचआयव्ही असलेला रुग्ण यांच्या रक्तात तो जंतू शिरला तर जिवावर बेतते. ज्या घरात असे कोणी आहे, त्या घरात साप एक रात्रही नको.

खानदेशाला हा धडा नवा नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यातल्या परसातल्या कोंबड्यांत निघाला. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये सापडला तो रावेर तालुक्यातल्या चिनावलला. या दोन्ही वेळी काय करावे लागले ते आठवा. आजारी जनावर वेगळे करा, ने-आण थांबवा, बाजार बंद ठेवा, जागा धुऊन काढा आणि लपवू नका, कळवा. कोंबडीला आणि गायीला जो नियम, तोच सापाला. फरक एवढाच की कोंबडी आणि गाय बाजारात विकली जाते, म्हणून तिच्यासाठी सरकार गाडी पाठवते. बरणीतल्या सापासाठी कोणी येत नाही. म्हणून तिथे शहाणपण आपल्यालाच दाखवावे लागेल.

आता कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडून पाळणे, विकणे, त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. सुटका केलेला साप हा ‘माझा साप’ नव्हे. वनखात्याला कळवून त्याला लवकरात लवकर, जिथे सापडला त्याच परिसरात सोडायचे असते. रविवारची वाट पाहायची नाही. हाताळून, वाढदिवसाला दाखवून, मोबाईलवर व्हिडिओ टाकून मग सोडायचा, हे तर मुळीच नाही. काही तरुणांना आता परदेशी अजगरांची हौस लागली आहे. मोबाईलवर जाहिराती येतात. अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी केंद्राने २०२४ साली नियम केले आहेत. कागद नसलेला प्राणी घेऊ नका. हौस फिटली म्हणून तो तापीकाठी नेऊन सोडू तर नकाच, कारण त्याच्याबरोबर त्याचा रोगही सुटतो.

ज्यांना काही तासांसाठी साप ठेवावाच लागतो, त्यांनी एवढे पाळावे:

एक साप, एक पिशवी. वापरलेली पिशवी उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या सापाला नाही.

आजारी दिसणारा साप, म्हणजे तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा, नाका-तोंडातून बुडबुडे येणारा, अंगावर चट्टे असलेला, सगळ्यांत शेवटी हाताळा. तो परस्पर सोडू नका. वनखात्याला कळवा आणि पशुवैद्याला दाखवा.

बरणी आणि काठी घराबाहेर, वेगळ्या बादलीत धुवा. आधी साबणाने, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. ते पाणी मोरीत किंवा हंड्याजवळ नको, शौचालयात ओता.

हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, कपडे बदला, मगच मुलाला उचला. साप हातात असताना तंबाखू नको, चहा नको.

घरात कोणाला जुलाब लागले तर जीवनजल सुरू करा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, मूल दूध न ओढणे, यातले काहीही दिसले तर मेडिकलवरून गोळी न आणता थेट सरकारी दवाखान्यात जा. आणि घरात साप असतो हे डॉक्टरांना सांगा. पोलिसांच्या भीतीने ही गोष्ट लपवली तर उपचार चुकतो.

भीतीचा विषय निघाला म्हणून सरकारलाही दोन शब्द. बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या तेव्हा मालकाला भरपाई दिली गेली. नुकसान भरून मिळेल अशी खात्री असली की लोक पुढे येऊन सांगतात. आमच्या पोरांकडून मात्र रात्री बारा वाजता फुकट काम करून घेतले जाते आणि घरात बरणी सापडली की तेच आरोपी ठरतात. त्यांना ओळखपत्र, विमा, हातमोजे, धुता येणाऱ्या पेट्या द्या. प्रत्येक तालुक्यात साप तात्पुरता ठेवायची एक जागा आणि सापाचे आजार ओळखणारा एक पशुवैद्य द्या. साप खाटेखाली ठेवावा लागतो, कारण ठेवायला दुसरी जागा नसते. ही मागणी तहसीलवर निवेदन घेऊन आपणच केली पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला. नाग हे नाव आपल्याला पूर्वजांचे वाटते ते यामुळे. पण त्याचा अर्थ सापाची पूजा असा नाही. साप दूध पीत नाही. नागपंचमीला जबरदस्तीने पाजलेले दूध त्याच्या फुफ्फुसात जाते आणि तो सडून मरतो. गारुड्याने दात काढलेल्या नागाच्या तोंडात पू होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपण सापाची पूजा करत नाही, त्याला मारतही नाही आणि बरणीत कोंडून ठेवणे हाही आपला मार्ग नाही. पहिल्या शीलात प्राण्याला न मारणे आहे, तसेच आपल्या बेफिकिरीने त्याला किंवा शेजारच्या लेकराला आजार न देणेही आहे.

वर्षावासात आपण विहारात रोज जमतो, ग्रंथवाचन करतो. सापही याच महिन्यांत निघतात. यंदा एका रविवारी वाचन झाल्यावर वस्तीतल्या सर्पमित्रांना पुढे बसवा, त्यांचा सत्कार करा, आशाताईंना बोलवा आणि हात कसे धुवायचे, बरणी कुठे धुवायची हे सगळ्यांसमोर करून दाखवा. वनखात्याचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. साप चावला तर मांत्रिक नको, जखम कापणे नको, १०८ लावून थेट सरकारी रुग्णालय.

आम्ही भेट दिलेल्या त्या घरात आता बरणी नाही. तो पोरगा आजही साप धरतो, पण वनरक्षकाला फोन करून त्याच दिवशी सोडतो. त्याच्या भाच्याचा हंडा वेगळ्या मोरीत घासला जातो. एवढे एका घराला जमले, तर वस्तीला का जमू नये?

जय भीम. नमो बुद्धाय.